वारा नसताना पडलेलं झाड

झाड पडलं तेव्हा वारा नव्हता, हे चौकशीला पक्कं माहीत होतं. त्या वेळी ती अंगणात दोरीवर चादर वाळत घालत होती आणि चादर जागची हलत नव्हती. आधी जाड कापड टराटरा फाटावं तसा आवाज आला. मग असा दणका बसला की ओट्यावरच्या कळशीतलं पाणी थरथरलं.

चौकशी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने सासूला विचारलं होतं, घराचं दार आत उघडतं आणि खिडकी बाहेर, असं का? सासू म्हणाली होती, "बाई गं, मी सून आणली की चौकशी अधिकारी?" तेव्हापासून घरात, आळीत आणि शेवटी पोस्टमनच्या तोंडीही तेच नाव बसलं. तिलाही त्याचं काही वाटेनासं झालं.

आबा, म्हणजे तिचे सासरे, ओट्यावर करवतीच्या दातांना कानस लावत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"रस्त्याचा शिरीष," ते म्हणाले.

"कशावरून?"

"आवाजावरून."

"पण वारा कुठाय, आबा?"

"पडायचं त्याला वारा लागत नाही. चहा ठेव. बोलावणं येईल आता."

बोलावणं आलं. रस्ते खात्याच्या मुकादमाचा फोन होता, की वळणापुढचा रस्ता बंद आहे, एसटी अडकली आहे, करवत घेऊन या. आबांनी दुहाती करवत पोत्यात गुंडाळून खांद्यावर टाकली. पाचरी, घण, दोर आणि कुऱ्हाड चौकशीने घेतली. करवतीची दुसरी मूठ पूर्वी तिच्या नवऱ्याच्या हातात असायची. तो पाण्याच्या पाइपाची चर खणायच्या कामाला लागला आणि मूठ रिकामी झाली. आबांनी दोन-चार गडी करून बघितले. एकाचीही लय जमेना. शेवटी चौकशीनेच एक दिवस मूठ धरली. आबांनी तिला एवढंच सांगितलं होतं, "फक्त ओढायचं. ढकलायचं नाही. माझी पाळी आली की हात ढिला." त्याला आता दोन वर्षं झाली होती.

वळणापासून बस थांब्यापर्यंत शेताच्या कडेने सात शिरीष ओळीने उभे होते. सातव्याखाली थांब्याची पत्र्याची शेड होती आणि शेडला लागून सासूची चहाची चूल. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत सासू तिथंच बसलेली असायची, आणि बसची वाट बघणारी माणसं तिच्याभोवती. पडला होता तो दुसरा शिरीष. मुळासकट उपटून रस्त्यावर आडवा झाला होता. शेंडा पलीकडच्या बांधावर टेकलेला आणि मधला बुंधा पुलासारखा अधांतरी. अडकलेल्या एसटीतली माणसं पिशव्या छातीशी धरून, वाकून, त्याच्या खालून इकडून तिकडे जात होती. एक मोटरसायकलवालाही डोकं टाकीला टेकवून गेला.

"हे खालून जाणं पहिलं बंद करा," आबा म्हणाले. "मुकादम कुठं आहेत?"

"इथंय, इथंय," जमिनीतून आवाज आला.

झाड उपटलं तेव्हा मुळांचा आणि मातीचा गड्डा भिंतीसारखा उभा राहिला होता, पुरुषभर उंच. त्याच्या मागे खड्डा पडला होता आणि खड्ड्यात गार सावली होती. मुकादम त्यात घडीची खुर्ची टाकून मांडीवर कागद ठेवून लिहीत बसला होता.

"साहेब, उठा तिथून."

"का? बरंय की इथं. वर ऊन आहे."

"बुंधा कापला की वजन सुटतं. मग ही भिंत मागं येते आणि होती तिथं बसते. डब्याचं झाकण बसतं तशी."

मुकादमाने वर बघितलं. ओल्या मातीचं एक ढेकूळ सुटून त्याच्या कागदावर पडलं. तो बाहेर आला, चपला हातात घेऊन आला. खुर्ची आतच राहिली. ती आणायला कुणी पुढे होईना.

आबांनी झाडाभोवती दोन फेऱ्या मारल्या. बुंध्यावर तळहात ठेवला, खालून बोटांनी चाचपलं. साल कुठं चुरगळली आहे आणि कुठं ताणून चिरली आहे ते बघितलं.

"वरून दाबलंय, खालून ताणलंय," ते चौकशीला म्हणाले. "वरून कापायला घेतलं की करवत चावणार. चार बोटं गेली की पाचरी मारायच्या. आणि दोघांनी शेताच्या बाजूला उभं राहायचं नाही."

"मग कुठं?"

"एकाने गड्ड्यापासून लांब, एकाने त्याहून लांब." ते हसले नाहीत, पण मुकादम हसला.

आधी आडव्या फांद्या उतरवायच्या होत्या. ते काम चौकशीचं. तिने कुऱ्हाड चालवली. या कुऱ्हाडीच्या पात्याला एका ओंडक्यातल्या खिळ्याने खाच पाडली होती. आबा ती घासून काढू म्हणत आणि राहून जाई. त्यामुळे घाव घातला की कापलेल्या लाकडावर सुतळीएवढी बारीक उभार रेघ उमटायची. फांदी कुणी तोडली ते त्या रेघेवरून कळायचं. घरात सरपणावरून भांडण झालं की त्याचा उपयोग होई.

फांद्या झाल्या. आबा पाचरी निवडत बसले. चौकशीने कुऱ्हाड टेकवली, घाम पुसला आणि खुर्ची आणायला म्हणून खड्ड्यात उतरली.

खुर्ची हे निमित्त होतं. तिला भिंत बघायची होती. एवढं हिरवंगार झाड, पानापानाला तजेला, आणि वारा नसताना पडतं, ते का? आत ओल्या मातीचा वास होता. तुटलेली मुळं लोंबत होती. रस्त्याकडची मुळं दोरखंड पिळून तुटावा तशी तुटली होती, धागे निघालेले, पांढरी, ताजी. तिने शेताकडची बाजू बघितली, म्हणजे भिंतीचा वरचा काठ. तिथं लोंबणारं काहीच नव्हतं. मांडीएवढी चार मुळं होती आणि चारही सपाट संपली होती. तोंडं काळी पडलेली, जुनी. खड्ड्याच्या काठावर, बरोबर त्यांच्या समोर, मातीतून वीतभर काळा पाइप बाहेर दिसत होता.

तिने पदराने एका मुळाचं तोंड पुसलं. काळ्या लाकडावर सुतळीएवढी रेघ होती. दुसरं पुसलं. त्यावरही होती.

वर्षभरापूर्वी नवरा कुऱ्हाड मागून घेऊन गेला होता. चरीत मुळं आडवी येतात म्हणाला होता.

"तिथं काय करतेस?" काठावर आबा उभे होते.

"खुर्ची."

"खुर्ची खाली आहे. तू वर बघतेस."

ती बाजूला झाली. आबांची नजर अधू नव्हती. त्यांनी ती चार तोंडं बघितली, पदराला लागलेली माती बघितली. मग ते गुडघ्यावर बसले, ओंजळभर चिखल उचलला आणि हात लांब करून, जखमेला लेप लावावा तसा, एकेका मुळावर थापला. चौथ्यापर्यंत हात पोचेना. तेवढं राहिलं.

"वर ये," ते म्हणाले. "एसटी खोळंबलीय."

करवत लागली. पहिली पाच-दहा ओढी साल फाटेपर्यंत खडखडत गेली, मग दात लाकडात बसले आणि नेहमीचा खर्र-सर्र आवाज सुरू झाला. भुसा ओला, जड, चौकशीच्या पायावर पडत होता. चार बोटं आत गेल्यावर करवत घट्ट झाली. आबांनी घणाने पाचरी मारल्या, काप उघडला, पुन्हा ओढायला लागले. दोघांची तोंडं समोरासमोर, मध्ये बुंधा.

"आबा."

"ओढ."

"ती रेघ तुम्हीही बघितलीत."

"ओढ म्हटलं ना."

ती ओढत राहिली. थोड्या वेळाने आबाच हळू आवाजात, ओढीच्या तालावर, तुटक तुटक बोलले, "अर्धं राहिलंय. कापलं की गड्डा मागं बसेल. खड्डा बुजेल. मुळं जमिनीत जातील. मुकादम लिहील, वाऱ्याने पडलं. संपलं."

"आणि बाकीची सहा?"

आबांनी पुढची ओढ जोरात घेतली.

"चर सरळ आहे, आबा. वळणापासून आईंच्या चुलीपर्यंत. दोरी लावून खणलीय. मग मुळं काय याचीच तोडली असतील?"

"हात जड झालाय तुझा. ढकलतेस तू."

खरंच ढकलत होती. तिलाही कळत नव्हतं. करवतीचं पातं मध्येच वाकून वाजत होतं. प्रत्येक ओढीबरोबर बुंधा तुटायला जवळ येत होता, आणि बुंध्याबरोबर ती चार तोंडं जमिनीत जायला. एकदा ती भिंत खाली बसली की कुणी म्हणून बघणार नव्हतं. मग उद्या तिसरं, नाहीतर पाचवं, नाहीतर शेडवरचं. आणि ते कधी, हे सांगायला वाराही येणार नव्हता.

काप अर्ध्याच्या पुढे गेला होता. चौकशीने मूठ सोडली.

करवत लाकडात तशीच उभी राहिली. आबांनी रिकामी ओढ मारली, ती अडली. दोन वर्षांत असं झालं नव्हतं.

"मुकादमसाहेब," चौकशी म्हणाली, "तुमच्या कागदावर काय लिहिलंय?"

"काय लिहिणार? वादळी वाऱ्याने झाड पडून..."

"वारा कुणी बघितला?"

"अहो वहिनी, झाड पडलं म्हणजे वारा असणारच."

"माझी चादर हलली नाही. खड्ड्याजवळ या. आत उतरू नका, काठावरून बघा."

मुकादम आला. एसटीचा ड्रायव्हर आला, त्याच्या मागे आठ-दहा प्रवासी आले. चौकशीने काठावरूनच बोट दाखवलं. चिखल थापलेली तीन आणि उघडं राहिलेलं एक. मुकादमाने डोळ्यांवर हात धरून बघितलं, मग पाइपाकडे बघितलं, मग चौकशीकडे.

"पाइपवाल्यांनी तोडली म्हणता?"

"हो."

"कशावरून? मूळ आपोआपही कुजतं."

कुजतं म्हणून सोडून देता आलं असतं. मुकादमाला तेच बरं पडलं असतं. चौकशीने कुऱ्हाड उचलून त्याच्या हातात दिली आणि पात्यावरच्या खाचेवर बोट ठेवलं. "या कुऱ्हाडीने तोडली. माझ्या नवऱ्याने. त्याला बोलवा, तो पुढच्या गावाच्या हद्दीत चर खणतोय. कुठल्या झाडाची किती तोडली ते त्यालाच सांगता येईल."

मुकादमाने खाचेवरून अंगठा फिरवला. मग ड्रायव्हर म्हणाला, "लेक खालून कापतो, बाप वरून कापतो. धंदा चांगला काढलाय घरातल्या घरात."

दोन-तीन माणसं हसली. आबा करवतीपाशीच उभे होते. त्यांनी डोक्याचं फडकं सोडलं, झटकलं आणि पुन्हा बांधलं.

नवरा आला तो मुकादमाच्या मोटरसायकलवर मागे बसून. पाय गुडघ्यापर्यंत मातीने भरलेले. गाडीवरून उतरल्यावर त्याने झाड बघितलं, गड्डा बघितला आणि त्याला काही सांगावं लागलं नाही. तो बायकोकडे बघायला लागला.

"तू सांगितलंस?"

"हो."

"मला आधी विचारायचं तरी."

"विचारते आता. का तोडलीत?"

"चर सरळ लागते. पाइप वाकत नाही फार. दोरीबाहेर वीतभर गेलं तरी ठेकेदार पुन्हा खणायला लावतो."

"मुळं तोडल्यावर झाड पडेल हे नाही कळलं?" मुकादम म्हणाला. "लाकूडतोड्याच्या घरात जन्मलास ना?"

नवरा खाली बघत होता. अंगठ्याने माती उकरत होता. उत्तर त्याच्याकडे आहे हे चौकशीला दिसत होतं, आणि तो ते देणार नाही हेही दिसत होतं.

"त्याला मी सांगितलं होतं," आबा म्हणाले.

सगळे वळले.

"त्याने विचारलं होतं मला. कुऱ्हाड मागायला आला तेव्हा. आबा, मुळं तोडली तर चालतील का? मी म्हटलं, झाडाला चारी बाजूंनी मुळं असतात, एका बाजूची गेली तर काही होत नाही." आबांनी घसा खाकरला. "पन्नास वर्षं झाडं कापतोय. पण बुंध्यापासून वर. खालचं मी कधी बघितलं नाही. माहीत नाही म्हणायला पाहिजे होतं. तेवढं तोंडातून आलं नाही."

ड्रायव्हरने खिशातली तंबाखू काढली आणि न मळता पुन्हा ठेवली.

"आधी हे उरकू," आबा म्हणाले. "लांब व्हा सगळे. पोरी, मूठ धर."

चौकशीने मूठ धरली. आता हात ढिला होता. शेवटच्या चार बोटांना लाकूड बोलायला लागलं, आतून कट-कट असा आवाज यायला लागला. आबा म्हणाले, "सोड आणि मागं हो," आणि दोघं उलट्या पावलांनी सरकली. बुंधा तुटून रस्त्यावर आदळला. गड्डा क्षणभर तसाच उभा राहिला, जणू विचार करतोय, आणि मग सावकाश, कण्हत मागे कलला आणि खड्ड्यात बसला. माती उडाली. मुकादमाची खुर्ची खालीच राहिली. वर बुंध्याचं चार हाताचं खोड सरळ उभं होतं. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, धड उभं झाड कुणीतरी कापलंय.

ओंडके बाजूला लोटून एसटी गेली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मुकादमाने चुन्याचा डबा काढला. नवरा पुढे आणि बाकीचे मागे असे ओळीने निघाले. पहिल्या झाडापाशी त्याने जमिनीकडे बघितलं, दोन पावलं टाकली, हवेतच कुऱ्हाड धरल्यासारखे हात केले. "याची दोन." मुकादमाने बुंध्यावर चुन्याने दोन रेघा ओढल्या. तिसऱ्याची तीन. चौथ्याचं एक, पण कंबरेएवढं. "याला अख्खी दुपार गेली होती." पाचव्याची तीन. सहाव्याची दोन. एकदाही तो अडखळला नाही. त्याचा फोन दोनदा वाजला. त्याने खिशातून काढून नाव बघितलं आणि परत ठेवला.

"ठेकेदार?" चौकशीने विचारलं.

"हो."

"काय म्हणेल?"

"उद्यापासून येऊ नको म्हणेल. दुसरं काय."

त्यावर विचारण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं.

सातव्या झाडाखाली सासू चुलीपुढे बसली होती. शेडमध्ये तीन बायका आणि एक म्हातारा बसची वाट बघत होते. बातमी कधीच येऊन पोचली होती. सासूने कुणाला चहा विचारला नाही.

"याची?" मुकादमाने चुन्याचा ब्रश बुडवला.

"याचं एकही नाही," नवरा म्हणाला.

"सगळ्यांची तोडलीस आणि शेवटचं सोडलंस?"

"इथं चर वळवली. चुलीच्या मागून."

मुकादमाने मान हलवली. "हे बघ, हेच झाड माणसांवर आहे. याच्याबद्दल तुझा शब्द घेऊ मी? उद्या शेडवर आलं तर? नकोच. सहाच्या सहा उतरवू."

"तो खोटं बोलत नाही," सासू म्हणाली.

"तुमचा मुलगा आहे, आई. तुम्ही म्हणणारच."

"माझा नवरा आहे," चौकशी म्हणाली. "म्हणून तर खणून बघते."

तिने शेडला टेकवलेलं नवऱ्याचं फावडं घेतलं आणि चर सरळ आली असती त्या रेषेत, बुंध्यापासून तीन हातांवर माती काढायला सुरुवात केली. शेडमधल्या बायका उठून उभ्या राहिल्या. माती घट्ट होती, कधी न खणलेली. गुडघाभर गेली तरी पाइप लागेना. मग फावडं टणक वाजलं. तिने फावडं टाकलं आणि हातांनी माती सारली. खाली मूळ होतं, मांडीहून जाड, धड, ओलसर, सालीला जिवंत लाल रंग. ती वाकून पुढे सरकत माती काढत गेली. हातभर पुढे माती सैल लागली, तिथं मुळावर एक घाव होता, दोन बोटं खोल. त्याच्या दोन्ही कडांनी साल फुगून आत वळली होती, ओठ मिटावेत तशी.

"एक घाव घातलाय," ती म्हणाली. "मग थांबलात. का?"

नवऱ्याने आईकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" सासू म्हणाली. "सांग ना. मी म्हटलं, चूल हलणार नाही. दोन दिवस हलवायला सांगत होता. म्हटलं, तुझी दोरी वाकव, नाहीतर तूही इथंच बस माझ्याबरोबर कपबशा विसळायला. घातला होता एक घाव रागाने. मी पळी फेकून मारली."

"पाठीत लागली," नवरा म्हणाला.

मुकादमाला हसू आलं. त्याने ते डब्यात बघून लपवलं, आणि ब्रश पुसून ठेवला. "म्हणजे पाच उतरवायची. हे राहू दे. पण दर सहा महिन्यांनी बघायला येणार मी."

"या," सासू म्हणाली. "चहा मिळतो इथं."

आबा इतका वेळ शेडच्या खांबाला टेकून उभे होते. आता ते पुढे आले. गुडघे दुखायचे त्यांचे, तरी ते चौकशीने खणलेल्या खड्ड्याच्या काठाला पालथे झोपले आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. मुळावरून तळहात फिरवला, सकाळी बुंध्यावर फिरवला होता तसा, वरून, मग खालून. बराच वेळ ते चाचपत राहिले. मिशीला माती लागली.

"थोरल्या," ते खालूनच मुलाला म्हणाले, "हे पुढं कुठवर जातं?"

"शेतात जात असेल."

"असेल म्हणू नकोस. बघितलंस का?"

"नाही बघितलं, आबा."

"मीही नाही." त्यांनी हात बाहेर काढायला घेतला आणि तो मध्येच थांबवला. "चुलीकडं वळतंय हे. शेताकडं नाही. पोरी, तुझा हात लहान आहे. इकडून घालून बघ, पुढंही धड आहे का."

चौकशीने बाही वर केली आणि त्यांच्या शेजारी पालथी झाली.